दिराचा कान

१० मे १९७४. मी नऊवारी लुगड्याच्या काठाला आतल्या बाजूनं शिशाचे मणी शिवत बसले होते. मणी भोयांच्या जाळ्याचे, मागून आणलेले. बाई पाण्यात पडली की लुगडं फुगून वर येतं, हे कृष्णाकाठी माहेर असलेल्या, नदीत पोहत वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मुंबईहून आलेल्या सिनेमावाल्यांना मात्र ते पहिल्या दिवशी कळलं. त्यांच्या नायिकेला आमच्या विहिरीत जीव द्यायचा होता. नटीला पोहता येत नव्हतं, म्हणून तिच्या जागी माझा धाकटा दीर बुडणार होता.

आमचा मळा कुंडलच्या जवळ. विहिरीला तळाशी खडक, त्यामुळे पाणी स्वच्छ. तरी शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी तुरटी फिरवली, आणि पाणी ढवळलं जाऊ नये म्हणून उपशाचं इंजिन बंद ठेवायला लावलं. ऊस वाळत होता आणि आमचे हे बांधावर उभे राहून धुसफुसत होते. ऊन पाण्यात थेट उतरायचं ते भर दुपारी, तेवढ्यातच काय ते काम.

कॅमेरामन पन्नाशीचा, पूर्वी नौदलात पाणबुड्या होता. कॅमेरा काचेच्या तोंडाच्या लोखंडी पेटीत बंद करून, पाठीला हवेची टाकी बांधून तो तळाशी जाऊन बसे. पाण्याखाली काम करणारी माणसं फार थोडी आहेत, मला मदतनीस हवाच आहे, मुंबईला ये, असं तो जेवताना दिराला सांगायचा. दिराची महिनाअखेरीला साताऱ्यात सैन्यभरती होती. सासरे फौजेतून पेन्शनीत आलेले, घरात दुसरा विचार नव्हता.

"वैनी, फौजेत न्हाई घेतलं तर मुंबई हायच की," दीर मला म्हणाला.

"आदी भरती व्हा भावजी, मग मुंबईचं बगू."

मिशी उतरवून, गंगावन लावून, लुगडं नेसवून त्याला बाहेर काढलं, तेव्हा विहिरीवर निम्मं गाव गोळा झालं होतं. एक म्हातारी ओरडली, "आवं, जाऊबाई लय देखणी मिळाली की तुमास्नी!"

"देखणी हाय, पर भाकरी थापाय येत न्हाई," मी म्हटलं.

सगळे हसले. तोही हसला आणि शिंकला.

कॅमेरामननं लगेच विचारलं, "सर्दी आहे का?"

"न्हाई सायेब, धूळ गेली नाकात."

सर्दी होती. पण सर्दीत कान मोकळे होत नाहीत, सर्दी असेल तर पाण्यात उतरू देणार नाही, असं कॅमेरामननं बजावलं होतं. खाली जाताना नाक दाबून कानात हवा भरायची, दुखलं तर तिथूनच वर यायचं, हेही शिकवलं होतं. दिराला ते शहरी चोचले वाटले. कान दुखतो म्हणून वर आलो, असं अख्ख्या गावासमोर तो कसा म्हणणार?

तो बुडाला. पदर तोंडावर आला म्हणून पुन्हा बुडाला. केस नीट पसरले नाहीत म्हणून आणखी एकदा. त्या खेपेला वर आला तो त्याला पायऱ्या सापडेनात. समोर पायऱ्या असताना तो कडेच्या दगडांकडे पोहत गेला. लोकांना वाटलं, हेही सिनेमातलंच. टाळ्या पडल्या. मी खाली उतरून त्याचा दंड धरला. डाव्या कानातून रक्त येत होतं.

सासूबाई लसणाचं तेल गरम करायला निघाल्या. मी ते घालू दिलं नाही, सांगलीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पडदा फाटला होता. पाणी जाऊ देऊ नका, भरला तर भरेल, म्हणाले. भरला नाही, कान वाहायला लागला.

भरतीत तो धावण्यात पहिला आला. उंची भरली, छाती भरली. डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि त्याला रांगेतून बाजूला काढलं. संध्याकाळी त्यानं हे सांगितलं, तेव्हा सासरे उठून गोठ्यात गेले.

त्याच दिवशी दिवेलागणीला कॅमेरामन आला. दुसरीकडचं काम आटोपून मुंबईला परत निघाला होता, कानाची चौकशी करायला वाट वाकडी केली. दीर उभाच राहिला.

"सायेब, मी येतो. आजच चला."

"कान?"

"बरा हाय."

कॅमेरामननं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"फाटक्या कानात गार पाणी गेलं की वर कुठं नि खाली कुठं, कळत नाही," तो म्हणाला. "तू अनुभवलंस ते. मी नाही नेणार."

"कापूस घालीन. न्हाईतर काठावर तुमचा दोर धराय न्या."

"दोर धरणाऱ्यालाच वेळ पडली तर उडी टाकावी लागते, बाबा."

त्यानं अर्धा कप चहा घेतला आणि गेला. दीर न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. पुढं काय करणार, हे त्याला कुणी विचारलं नाही. ऊस होता, पाणी पाजायला माणूस लागतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून दारात आली. दर सुट्टीत दीर त्यांना पोहायला शिकवायचा. त्यांनी हाका मारल्या, तो उठला नाही. "हाकल त्यास्नी," हे म्हणाले. मी तव्यावरची भाकरी उतरवली, ओचा खोचला आणि पोरांना घेऊन विहिरीवर गेले.