उकिरड्यात चालू झालेली गाडी

आत्या गेली त्या दुपारी तिच्या डोक्यावरचा पंखा किरकिरत होता. अंथरुणाला खिळून तिला बरेच दिवस झाले होते. नजर गेली होती, माणसं ओळखण्यातही घोटाळे होत होते, पण कान शाबूत होते. "दत्तू," तिनं यांना, आपल्या लेकाला, हाक मारली, "त्या पंख्यात आतलं कायतरी ढिलं झालंय. खोलून बघ." हे आता स्वतःच काठी टेकत चालतात, तरी आईनं सांगितलं म्हणून स्टूल शोधायला उठले. मी ओरडले, "अहो, पडाल! आणि आत्या, तू गप पड बरं जरा." ते तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे... हे स्टूल घेऊन परत आले तेव्हा आत्या गेलेली होती. म्हणजे तिच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते वैतागूनच. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. आम्हा दोघींचं उभं आयुष्य तसंच गेलं. ती काहीतरी खोलायची आणि मी वैतागायची.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आमच्या संत तुकाराम नगरातल्या घरी माणसं भेटायला येत होती. जो तो म्हणायचा, "माउली होती हो." मी मान हलवायची. माउली ती होतीच. पण त्या माउलीच्या हातात एकदा पाना आला की घरातल्या कुठल्याच वस्तूची धडगत नसे, हे त्या भल्या माणसांना कुठून ठाऊक असणार? ते मला ठाऊक आहे. आणि त्याची सुरुवात झाली ती एका मालवाहू ट्रकपासून. ट्रकला तेव्हा आम्ही गाडीच म्हणत असू.

आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. भावाची मुलगी सून करून घ्यायची म्हणून तिनं मला चाकणजवळ निघोज्याला आणलं, ते पन्नास सालानंतर एक-दोन वर्षांत. मी सातवी पास झाले होते आणि पुढं मास्तरीण व्हायचं माझ्या डोक्यात होतं. निघोज्यात वाट्याला आलं ते कांदा, बटाटा, म्हशी आणि दारातल्या बाभळीखाली उभी असलेली ती गाडी. मामंजींनी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ती घेतली होती. तीत माल भरून ते पुण्याला जात. माझ्या लग्नाला वर्षही झालं नसेल, तेवढ्यात मामंजी तापानं गेले आणि गाडी बाभळीखाली उभी राहिली ती राहिलीच. दोन पावसाळे तिनं उघड्यावर काढले. टपाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. हिरवा रंग उडून पत्रा तांबडा झाला. गावात सगळे म्हणत, विकून टाका. आत्याचं एकच उत्तर असे. "मानूस मेला. गाडी न्हाई मेली. तिला काय झालंय?"

त्याच सुमाराला पिंपरीकडं कारखाने उभे राहायला लागले होते. ओळखीतल्या कुणीतरी एका कारखान्यात यांच्यासाठी शब्द टाकला. चिंचवड गावात एक खोलीही बघून ठेवली होती. मी मनातल्या मनात त्या खोलीत चूल मांडून बसलेसुद्धा! यांनी भीत भीत आत्याला सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आधी बापाची गाडी चालू कर. मंग जायचं तिकडं जा." हे म्हणाले, पुण्याच्या गॅरेजात टाकू. तर आत्या उसळलीच. "गॅरेजवाले आतलं काळीज काढून घेत्यात आन् वरून रंग लावून देत्यात. घरी खोलायची. आपल्या डोळ्यापुढं."

यांना गाडी चालवता येत होती, बापाशेजारी बसून शिकले होते. पण खोललेली गाडी परत जोडायची कशी हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं तर गाडीच्या आत कधी डोकावलंही नव्हतं. मात्र मत तिला प्रत्येक गोष्टीत होतं. पहिल्याच दिवशी इंजिनाखालचा नट काढायचा ठरला. "तेल सांडंल, खाली कायतरी धरा," असं म्हणत तिनं घरातून माझ्या माहेरची पितळी परात आणली. मी "आत्या, परात नको" म्हणेपर्यंत नट निघाला होता. डांबरासारखं काळं तेल भसाभसा आलं, परात भरली, वाहिली, आणि मी सकाळीच सारवलेल्या अंगणात पसरत गेलं. कोंबड्या त्यातून नाचल्या आणि तेच पाय घेऊन घरभर फिरल्या. परात राखेनं घासून घासून माझी बोटं सोलली, तरी पुढं कितीतरी दिवस भाकरीला तेलाचा वास येत होता. आत्या मात्र त्या भाकरी खुशाल खायची. "वंगन पोटात गेलं तर आतडी मोकळी व्हत्यात," म्हणायची.

मग यांनी इंजिनाचे सुटे भाग माजघरात गोधडीवर ओळीनं मांडले. ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं, म्हणजे उलट्या क्रमानं बसवता येतील. चांगला विचार होता. हे अंघोळीला गेले आणि आत्यानं केर काढायला घेतला. अंघोळ करून आले तो गोधडी रिकामी. आत्यानं सगळं टोपल्यांत भरून ठेवलं होतं. कांदा निवडतात तसं मोठं एकीकडं, मध्यम दुसरीकडं आणि बारीक गोल्टी तिसरीकडं! "पसारा किती मांडला व्हता," ती म्हणाली. हे ओल्या अंगानं उंबऱ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला हसावं की रडावं कळेना... मी दोन्ही केलं.

तरी माणूस चिवट. आठवडेच्या आठवडे खपून यांनी बरंचसं जोडलं. काही तुकडे उरले, ते आत्यानं "जास्तीचं दिलं असंल कंपनीनं" म्हणून फळीवर ठेवून दिले. आता पाण्याची टाकी, म्हणजे रेडिएटर, गळत होती. मळ्यात तेलाचं इंजिन चालवणारा एक शेजारी सांगून गेला की पाण्यात चिमूटभर हळद टाका, भोक बुजतं. चिमूट? आत्यानं मूठभर हळद टाकली, आणि हळदीनं भोक बुजत असेल तर बेसनानं जास्त बुजेल, म्हणून वर दोन ओंजळी बेसन. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. शेजाऱ्यानं गाडीच्या नाकातलं लोखंडी हँडल फिरवून इंजिन कसंबसं फुरफुरत ठेवलं, ते तापलं, आणि टाकीचं झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं. मागोमाग पिठलं! माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर, म्हशीच्या पाठीवर, यांच्या तोंडावर. इंजिन आचके देत बंद पडलं. आत्यानं गालावरचा शिंतोडा बोटानं पुसला, बघितला, आणि म्हणाली, "घट्ट झालं वाटतं." मी त्या दिवशी चूल पेटवली नाही. म्हटलं, पिठलं आहेच, खा.

ती टाकी साफ करण्यात पुढचा बराच काळ गेला. ब्रेक तर अजून बसवायचेच होते. इतक्यात पिंपरीहून निरोप आला, सोमवारी कारखान्यावर या. मी यांचा सदरा धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. आत्यानं स्वतः चुलीतले निखारे काढून दिले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रविवारी संध्याकाळी म्हणाली, "जातूयास तर जा. जायच्या आदी येकदा हँडल मारून बघ." यांनी हँडल मारलं. इंजिनानं उलटा झटका दिला आणि लोखंडी हँडल गरकन फिरून यांच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. ताप चढला. आता कसला सोमवार आणि कसली पिंपरी? मी आत्यापुढं जाऊन उभी राहिले. "झालं समाधान? तुझ्या गाडीनं आमचा संसार चिरडला, आत्या. आता तरी तिला आग लाव!" आत्या भिंतीकडं बघत बसली.

सकाळी उठले तर आत्या घरात नव्हती. वाटलं, गेली असेल मळ्यात. दुपार झाली, गुरांना पाणी पाजायची वेळ टळली, आत्याचा पत्ता नाही. दिवस मावळताना ती आली. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ सुकलेले, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. पाणी पिऊन म्हणाली, "हाड बसल्यावर ये म्हनलाय सायेब." ती पिंपरीपर्यंत चालत गेली होती! कारखान्याचं फाटक विचारत विचारत शोधलं. पहारेकरी आत सोडेना, तर फाटकासमोर बसून राहिली. साहेबाची मोटार बाहेर पडली तेव्हा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि फडकं सोडून पुढं धरलं. आत गाडीचं हँडल होतं. "ह्यानं मोडलाय माज्या लेकाचा हात," तिनं साहेबाला सांगितलं. "खोटं वाटत असंल तर हे बगा. कामाला वाघ हाय. हात बसला की येतूय." एवढं वजन तिनं जाता-येता दोन्ही वेळा वाहिलं होतं. मी तिच्या पायांवर गरम पाणी ओतलं. राग मात्र अजून गेला नव्हता.

पण अट सुटली नव्हती. हाताला कामट्या बांधलेल्या असतानाच आत्यानं शेवटचा घाट घातला. हँडल मारता येत नाही, तर गाडी ओढून चालू करू. बाभळीपासून खाली थोडा उतार होता. तिनं बैलजोडी आणली, गाडीला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, यांना आत बसवलं. मला म्हणाली, "तू मागनं रेट." मी मागून रेटत होते. बैल निघाले, गाडी हलली, उताराला लागली. यांच्याकडं चालता हात एकच, डावा. गिअर टाकायचा तर त्याच हातानं, म्हणजे चाक सोडायचं. यांनी चाक सोडून गिअर टाकला आणि इंजिन तोफेसारखं धडाडलं. बैल उधळले, सोल तुटला, बैल ओढ्याकडं गेले आणि गाडी त्यांच्यामागं जायची सोडून डावीकडं वळली. तिनं कांद्याच्या वखारीचा कूड आडवा केला, आणि समोरच्या उकिरड्यात नाक खुपसून थांबली. मी तोंडावर आपटले होते. उठून बघते तो हे धडधाकट, खिडकीतून बाहेर बघताहेत, आणि गाडी... गाडी चालू होती. शेणात रुतलेली, धूर ओकत, सगळ्या अंगानं थडथडत, पण चालू!

हे बंद करायला गेले तर आत्या ओरडली, "बंद करू नगंस!" आणि तशीच शेणाच्या पायांनी घरात गेली. बैल मोकाट, वखारीतले कांदे रस्त्यावर घरंगळलेले, आणि ही आत काय करतेय म्हणून मी संतापून मागं गेले. आत्या चुलीपुढं बसली होती. जाळ केला होता. तवा ठेवला होता आणि भाकरी थापत होती.

"आत्या, तुला वेड लागलंय का? ही काय भाकरीची वेळ आहे?"

"गाडीचा आवाज आला," ती म्हणाली. "वढ्यापाशी त्यांची गाडी वाजली की मी तवा ठेवायची. घरात शिरस्तवर पयली भाकर फुगल्याली असायची. ते गेले तवापासून... कवा तवा ठिवावा, कळतच न्हाई बग."

मी तिथंच खाली बसले. बाहेर गाडी धडधडत होती. आम्हा तिघांपैकी कुणीच ती बंद केली नाही. पेट्रोल होतंच किती. थोड्या वेळानं इंजिन दोन-तीनदा खोकलं आणि थांबलं. आत्यानं तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग यांना हाक मारून म्हणाली, "चालू झाली. आता जा तुमी पिंपरीला."

हाड बसल्यावर आम्ही गेलो. गाडी चाकणच्या एका व्यापाऱ्यानं साखळदंड लावून उकिरड्यातून काढून नेली. ती नेताना आत्या बघायला बाहेरसुद्धा आली नाही. मी चिंचवडच्या त्या खोलीत राहून पुढं शिकले, शाळेत लागले. आत्या मात्र निघोज्यातच राहिली. अधूनमधून आमच्याकडं यायची आणि आली की स्टोव्ह खोलायची. नंतर शिवणयंत्र. मग रेडिओ, ज्यातून तिनं दुरुस्त केल्यावर कुठलंच स्टेशन लागेना, नुसता पावसाचा आवाज येई. "पयल्यापेक्षा मोटा येतूय का न्हाई?" ती विचारायची. माझी बदली, बाळंतपणं, यांची निवृत्ती, सगळ्यांत मी आत्यावर चिडतच होते, आणि ती पुढच्या वस्तूकडं बघत होती.

हातपाय थकल्यावर ती कायमची आमच्याकडं आली. तेव्हासुद्धा एकदा मी भाजीला गेलेली बघून दोघा माय-लेकांनी न्हाणीघराचं दार उतरवलं, का तर बिजागरी कुरकुरते. परत बसवलं ते असं, की दार तिरकं होऊन एका कोपऱ्यानं फरशीला घासू लागलं. खालून पायाच्या अंगठ्यानं उचलून धरल्याशिवाय ते लागत नसे. आम्ही सगळे कैक वर्षं तसंच ते उचलत आलो. आत्याच्या तेराव्यानंतर मी सुतार बोलावला. त्यानं हसत हसत, बोलता बोलता दार नीट करून दिलं, खालची फटही पट्टी ठोकून बुजवली. आता एका बोटानं लागतं.

पण रोज सकाळी माझा पाय दाराखाली जातोच. तिथं आता पाय घालायला जागा नाही, अंगठा खाडकन ठेचतो आणि डोळ्यांत पाणी येतं. "आत्या!" मी जोरात ओरडते. बाहेर हे पेपर वाचत बसलेले असतात. काय झालं म्हणून ते विचारत नाहीत.