काकूची विहीर

गोल बाजारात पिकलेल्या सीताफळांचा वास आला, की मला वकिलांचा व्हरांडा आठवतो. नव्या रायपूरसाठी सरकारने काकूची जमीन घेतली, पण मोबदल्यात तिची विहीर धरलीच नाही. "हरकत लिहू का?" तिने विचारलं होतं. मीच घाईत म्हणालो, "सही करून टाक." हरकत न नोंदवता पैसे घेतल्यामुळे आता विहिरीचा दावा चालणार नव्हता.

वकिलांनी विचारलं, "दस्तखत करने को किसने कहा था?"

"किसी ने नहीं भैया, मेरेकोच जल्दी थी," काकू म्हणाली.

मग पिशवीतलं सीताफळ फोडून तिने माझ्या हातात दिलं. "खा. तोंड काहून उतरवून राहिला, पोट्ट्या?"

मी खाल्लं. पुढे काकू असेपर्यंत घरचे तिला विहीर घालवणारी म्हणून चिडवत. तीही हसायची, आणि मीही हसत होतो.