नववी विहीर

बाटलीबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. बावीस वर्षं त्या भूगर्भ खात्यासाठी दर सोमवारी झऱ्यांच्या आणि विहिरींच्या पाण्याचे नमुने आणत होत्या. त्या भागातल्या जमिनीत एक भलीमोठी भेग आहे, फार खोल गेलेली. तिच्यातून तळाचं पाणी आणि वायू वर चढतात. कुठं चढतात, ते बाईंच्या बाटल्या सांगायच्या.

त्यांची रीत ठरलेली. बाटली पायरीवरून अख्खी पाण्यात बुडवायची, बूच पाण्यातच लावायचं. आत हवेचा एक बुडबुडा दिसला की ओता, पुन्हा भरा! चिठ्ठ्या भिजून सुटतात, म्हणून बाटलीच्या गळ्याला दोरा. विहिरीचा जो नंबर, तितक्या गाठी.

नवे साहेब आले आणि नवव्या विहिरीच्या आकड्यापाशी अडले. ती होती एका लॉन्ड्रीमागे, नकाशावरच्या भेगेपासून चांगली दोन मैल लांब. तरी खोलातला हेलियम वायू सगळ्यात जास्त तिथंच!

"लॉन्ड्री कुणाची?"

"माझ्या दिरांची."

"वाटलंच. घरची विहीर यादीत घुसवलीत, आणि बाटल्यांची अदलाबदलही केलीत. उद्यापासून फेरी बंद. आत बसून बाटल्या धुवा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी नवरी असताना त्यांनी त्या विहिरीवर चादरी धुतल्या होत्या. कडाक्याच्या थंडीतही पाणी कोमट, आणि तळातून बुडबुडे. म्हणून ती यादीत घातली होती, दिरांसाठी नव्हे.

"गाठी मोजा, साहेब. नऊ आहेत."

"गाठी काय, कुणीही मारतं."

"मग चला. मारून दाखवा."

लॉन्ड्रीमागच्या विहिरीवर साहेबांना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर उतरताना बघून दीर म्हणाले, "वहिनी, नवा धोबी आणलात की काय?"

बाई हाताची घडी घालून वरच उभ्या. "मी बोटसुद्धा लावणार नाही. उगाच माझ्या नावानं बोंब नको."

पहिली बाटली. "बुडबुडा आहे. ओता." दुसरी. "ओता." चौथीपर्यंत साहेब छातीपर्यंत भिजले. पाचवी जमली. साहेबांनी ऐटीत गाठी मारल्या.

"आठच झाल्या," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी सुटली असती, तर हे पाणी आठव्या विहिरीच्या नावावर गेलं असतं. अदलाबदल अशी होते, साहेब."

साहेबांनी नववी मारली.

बारा दिवसांनी ते स्वतः बाटल्या धुण्याच्या खोलीत आले, नकाशा घेऊन. "हेलियमचा आकडा तोच आला. भेगेचा एक फाटा लॉन्ड्रीखालून जातो. नकाशा चुकला होता."

"नकाशाचं कळलं. मला काय म्हणाला होतात?"

प्रयोगशाळेतली सगळी माणसं दाराशी जमली होती. साहेबांनी आवाज चढवला, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतका. "मी चुकलो, बाई." आणि लाल पेन्सिल पुढे केली.

बाईंनी पदराला हात पुसले आणि भेगेवरच्या आठव्या विहिरीपासून नवव्या विहिरीपर्यंत सरळ रेघ ओढली.

"सोमवारी गाडी सातला निघते," त्या म्हणाल्या. "दोरा घेऊन या, साहेब. गाठींची सवय करायला हवी तुम्हाला."