अक्कांना मूळ कागदच हवा होता

बिदरच्या रेकॉर्ड रूममध्ये माझ्या आधी बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरच्या एक अक्का बसल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. गावच्या जत्रेत पहिला नारळ थोरल्या घराचा असतो. आपले आजेसासरे थोरले की चुलत जावेचे, हे त्यांना कागदावरून एकदाचं ठरवायचं होतं.

कारकुनाने टाइप केलेली वंशावळ पुढे केली. "अक्का, तुमचेच थोरले हायत. झालं की!"

अक्कांनी चष्मा वर-खाली करून ती पाहिली आणि परत सरकवली. "हे बघून लिवलेलं हाय, अण्णा. ज्यावरून लिवलं ते दावा."

"ते उर्दूत हाय."

"मग तुमी वाचा. मला कान हायत की."

कारकून कुरकुरत जुनं बाड घेऊन आला. बोट ठेवून वाचू लागला आणि अडखळला. थोरले जावेचे निघाले. टाइप करणाऱ्याने नावं खालीवर केली होती.

अक्कांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग मूळ कागदाचीच नक्कल मागून घेतली आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवली.

"जावेला दाखवणार?" मला राहवेना.

"दावणार की. खरं ते लपवायचं कामून?" अक्का उठल्या. "तेवढी औंदाची जत्रा होऊ द्या."