टँकरपुढं बसलेली अव्वा

मी कथा लिहायचो म्हणजे नेमकं काय करायचो, ते एकदा सांगून टाकतो. नांदेडच्या भाड्याच्या खोलीत सकाळी दाराशी बसायचो, मांडीवर फळी घ्यायचो आणि ऑफिसची वेळ होईपर्यंत माणसं मारायचो. नोकरी पाटबंधारे खात्यात, कारकुनाची. बहात्तरच्या दुष्काळात पाटाला थेंब नव्हता, तिथं कारकुनाला काय डोंबलाचं काम असणार! कथांना मात्र सुगी आली होती. तोवर माझं सगळं 'साभार परत' करणारे पुण्या-मुंबईचे संपादक एकाएकी 'आपल्याकडील भीषण परिस्थितीवर काही असल्यास अवश्य पाठवावे' अशी कार्डं टाकायला लागले. या लोकांना दुष्काळ लागायचा तो दिवाळीच्या फराळाबरोबर, चकली मोडत मोडत वाचायला.

आणि त्यात कुणीतरी मेलं पाहिजे. बैल मेला तर 'ठीक आहे' म्हणायचे. म्हातारी मेली की खूश. मग मी एक म्हातारी धरली आणि तिला विहिरीवर मारली, खडी फोडताना मारली, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी घशात अडकवून मारली. गावाचं नाव बदललं की झाली नवी कथा. इतक्या भिकार कथा लिहिल्या, पण एकही परत आली नाही. स्वतःला समीक्षक म्हणवणाऱ्या एका गृहस्थाला तर त्यांत मातीचा हुंकार ऐकू आला. कान दाखवून घ्यायचे होते त्यानं कुणाला तरी.

ती म्हातारी अर्थातच माझी आई होती. आमच्या उदगीरकडं आम्ही लिंगायत लोक आईला अव्वा म्हणतो. अव्वा माझ्याजवळच राहायची आणि ठणठणीत होती. मी दाराशी तिला मारत असायचो, तेव्हा ती आत बसून रेशनचा मिलो निवडत असायची आणि सरकारच्या नावानं बोटं मोडायची. "ह्ये दाणे हायत का गोट्या? जनावरापुढं टाकलं तर जनावर तोंड फिरवंल!" तिला वाचता येत नव्हतं. लेक कायबाय लिहितो आणि ते छापून येतं, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला कौतुक होतं.

हे असंच चाललं असतं. पण पुण्याच्या एका संपादकाला अक्कल सुचली. माझ्या कथेतली म्हातारी त्यानं परस्पर 'माझी आई' करून टाकली आणि शेवटी चिता पेटवली. वर माझं नाव ठसठशीत. तो अंक कुणीतरी उदगीरला मामाच्या आडत दुकानात नेला. मामानं गादीवर बसून कथा वाचली आणि दुकान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मामा, मामी आणि दोन भावकीतली माणसं आमच्या दारात. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मामीनं फडक्यात पिठलं-भाकरी बांधून आणलेली. स्वतःच्या घरात पिठाची मारामार असताना! मी काही बोलायच्या आत मामानं माझी गचांडी धरली. "अक्का गेली आन् सख्ख्या भावाला सांगावा न्हाई? आन् जाळलास? आपल्यात माती देतेत का जाळतेत रे, हरामखोरा?"

आवाज ऐकून अव्वा सूप घेऊन बाहेर आली. मामीनं किंकाळी फोडली. मामा मला सोडून उंबऱ्यावरच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

पिठलं-भाकरी आम्हीच खाल्ली. खाऊन झाल्यावर अव्वानं मला ती कथा वाचायला लावली. मग बाकीच्याही. मामा मध्ये मध्ये "शिवा शिवा" म्हणत होता. अव्वानं सगळी मरणं ऐकली आणि विचारलं, "टँकरचं का लिवलं न्हाईस?"

टँकरचं असं होतं. गल्लीचा टँकर रोज एका पुढाऱ्याच्या घरापुढं उभा राहायचा. आधी त्याचा हौद भरायचा, मग उरलंसुरलं गल्लीला. एका सकाळी अव्वा कळशी मांडीवर घेऊन टँकरच्या पुढच्या चाकापाशी जाऊन बसली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. पुढारी धोतर सावरत बाहेर आला, पोलीस बोलावतो म्हणाला. अव्वा म्हणाली, "बोलीव की. त्याला बी तहान लागत आसंल." हळूहळू गल्लीतल्या बायका येऊन तिच्याशेजारी बसल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टँकर हलला, तो चौकात जाऊन उभा राहिला आणि त्या दिवसापासून चौकातच राहिला. मी लेखक तेव्हा ऑफिसात पंख्याखाली होतो.

"त्ये लीव," अव्वा म्हणाली. "आन् मला मारू नको. येक डाव तरी जित्ती ऱ्हाऊ दे."

तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी लिहिली, मन लावून लिहिली. ती कथा पुण्याहून परत आली. कार्डावर म्हटलं होतं, 'मनाला भिडत नाही. म्हातारी शेवटी चाकाखाली गेल्यास परिणाम साधेल.' मी ते अव्वाला वाचून दाखवलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली. "त्या मुडद्याला माझी लई घाई हाय!" मी नाही म्हणून कळवलं आणि कथा दुसऱ्याकडं पाठवली, मग तिसऱ्याकडं. सगळ्यांना तिचं मरण हवं होतं. दर दिवाळीला अव्वा विचारायची, "आली का माजी?" माझ्या बाकीच्या छापून यायच्या. ही नाही.

पुढं माझी बदली लातूरला झाली आणि लातूर जिल्हा झाला. काल-परवापर्यंत उस्मानाबादचा तालुका असलेलं गाव, नुसतं पाट्या रंगवत सुटलं. ज्याला तालुक्यात कुणी चहा विचारत नव्हतं, तो जिल्हाध्यक्ष झाला. स्मरणिका काढायचं ठरलं, आणि स्मरणिकेला जिल्ह्याचा म्हणून एक लेखक लागतो. शोधून शोधून मला पकडलं. मी टँकरची कथा दिली. समितीनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला अव्वा नवं इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. शेजारी उदगीरहून आलेला मामा, फेटा बांधून. एका प्राध्यापकानं कथा वाचायला घेतली, गळा काढून. त्यात म्हातारी रस्त्याच्या कडेला रिकामी कळशी घेऊन रडत बसलेली. मंत्रीसाहेबांची जीप थांबते. साहेब विचारपूस करतात आणि तिथल्या तिथं टँकरचा हुकूम देतात. म्हातारी त्यांच्या पाया पडते आणि आशीर्वाद देते. टाळ्यांचा कडकडाट. तेच साहेब स्टेजवर रुमालानं डोळे टिपत होते. निर्लज्जपणाला काही सीमा? मी समितीच्या अध्यक्षाला गाठलं, तर तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "जरा हात फिरवला. साहेब प्रमुख पाहुणे, समजून घ्या."

अव्वा घरी आली. लुगडं बदललं, घडी घातली, मग भिंतीला टेकून बसली.

"मी पाया पडले?"

"न्हाई अव्वा."

"आपल्या जंगमस्वामीबिगर कुणाच्या पाया पडले न्हाई मी. त्या ढेरपोट्याच्या पडले व्हय रे? आन् रडले?" घडी घातलेलं लुगडं तिनं मोडलं आणि परत घडी घालायला घेतली. इतक्या वेळा मारली तेव्हा ती अशी झाली नव्हती. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

लुगडं बाजूला सारून ती म्हणाली, "त्या पुण्यावाल्याला दे. जाऊ दे चाकाखाली. पर आधी टँकरापुढं बसू तर दे मला."

सकाळी मी फळी घेतली आणि पुण्याला हवा तसा शेवट लिहिला. अव्वा समोर येऊन बसली, म्हणाली, वाच. मी वाचत गेलो. म्हातारी कळशी घेऊन चाकापाशी बसली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, म्हातारी हलली नाही.

"बास," अव्वा म्हणाली. "म्होरलं त्याला पाठीव."