तारखेच्या आत परत या

इथं परदेशात, वुडलँड्सला, आमच्या इमारतीखाली सिमेंटचं एक बाकडं आहे. संध्याकाळी पाचला आम्ही मराठी म्हातारी माणसं तिथं जमतो. मुलं-सुना ऑफिसात, नातवंडं ट्यूशनला. मग किस्से साठतातच. एकानं सांगितला की दुसऱ्याला त्याचा आठवतो. आधी दुखण्यांचे असायचे, आता परमिटचे जास्त!

*

मुलांनी आम्हाला पीआर करून घेतलं, म्हणजे इथं कायमचं राहायची सोय झाली. पण बाहेर जाऊन परत यायला आणखी एक परमिट लागतं, रीएन्ट्रीचं. ते पाच वर्षांनी संपतं. मला हे नातीनं समजावलं. रियानं. दहा वर्षांची आहे.

"आजी, परमिट चालू असेल तर यू कॅन गो. वर्षभर राहा. पण ते संपलं त्या दिवशी तू बाहेर असलीस, तर पीआर फिनिश्ड!"

"आणि इथं असले तर?"

"देन ओके. पण नवीन मिळेपर्यंत बाहेर जायचं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे जाताना कोणी विचारत नाही, यायलाच परवानगी! माझ्या सासरी अगदी उलटं होतं."

*

दामले भावजी बँकेतून रिटायर झालेले. मन पुण्यात, मुलगा इथं. दर सहा महिन्यांनी विमानानं यायचे, दोन रात्री राहायचे, परत जायचे. गुडघे धरून चालायचे, पण यायचे! तीन वर्षं असं चाललं. शेवटी मी विचारलंच, "भावजी, एवढी धावपळ कशाला?"

"नियम आहे, वहिनी! सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की पीआर जातो."

"कोणी सांगितलं?"

"मेव्हण्यानं."

"कुठं असतो तो?"

"न्यू जर्सीला."

ट्यूशनहून आलेली रिया इथल्यासारखं 'ला' लावून म्हणाली, "आजोबा, दॅट इज अमेरिका ला!"

*

मला वाचता येत नाही, म्हणून तारखा डोक्यात ठेवायची सवय. कोणाचं परमिट कधी संपतं, ते सगळे मलाच विचारतात. दामले भावजींचं त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला संपायचं होतं. त्या वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा आणि बिनचवीचा होता, त्यामुळे दिवस पक्का लक्षात राहिला.

दोनच दिवसांनी बघते तर भावजी दोन पिशव्या घेऊन बसस्टॉपवर. पुलापलीकडे जोहोरला, म्हणजे दुसऱ्या देशात, नारळ चांगले मिळतात, तिकडे निघालेले. बसमध्ये पाय ठेवला आणि मी रस्त्यापलीकडून ओरडले, "भावजी, उतरा!"

"का हो?"

"परवा केक खाल्लात ना? परमिट संपलं!"

"अहो, पण मी संध्याकाळी परत येणार आहे!"

"कशाच्या जोरावर?"

उतरले. तीन वर्षं न्यू जर्सीचा नियम पाळला आणि इथली तारीख विसरले! मुलानं नवीन परमिटचा अर्ज केला, ते मिळेपर्यंत माणूस जवळच्याच यिशुनच्या पुढं गेला नाही. अजून नारळाचा विषय निघाला की उठून जातात.

*

शालनचा किस्सा हसायचा नाही. तिचे यजमान, अण्णा, वाईला. ते कधी आलेच नाहीत. म्हणायचे, "स्वतःच्या पोराकडे राहायला शिक्का लागत असेल तर मी इथंच बरा."

शालननं इथं दोन नातू वाढवले. वर्षातून दोन महिने वाईला जायची, तारखेच्या आत परत यायची. मागच्या वर्षी अण्णा मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ती धावत गेली. आणि घट बसायच्या आदल्या दिवशी तिचं परमिट संपणार होतं! मुलानं नवीन मागितलं होतं, उत्तर येत नव्हतं. त्यानं तिकीट पाठवलं. "आई, तू नुसती आत ये. मग इथं बसून वाट बघू."

किती महिने वाट बघायची, हे कोणीच सांगत नव्हतं. तोवर अण्णांकडे जायचं नाव नाही. आणि नाही आली, तर इथलं सगळंच गेलं.

निघायच्या दिवशी मी फोन केला.

"बॅग भरलीस?"

"भरली, माई. गाडी दारात आहे."

"अण्णा काय म्हणतात?"

"जा म्हणतात. सकाळपासून दहादा म्हणाले. आणि चष्मा कुठंय, ते पण मलाच विचारतात."

मग म्हणाली, "आज पहिल्यांदा वॉकर धरून चालायचं आहे त्यांना. थांब हं, माई, उठले बघ ते. सावकाश! एक... दोन..."

तिनं फोन तसाच चालू ठेवला. सातपर्यंत मी ऐकलं. मध्येच गाडीवाल्यानं हॉर्न दिला, तोही ऐकला. मग परत एकपासून सुरू झालं.

विमान तिच्याशिवाय आलं.

*

या उन्हाळ्यात शालनच्या धाकट्या नातवाची मुंज होती. शालन आली, पाहुणी म्हणून. आधी विमानतळावर ती अंगठा टेकवायची आणि गेट उघडायचं. आता पाहुण्यांचं पांढरं कार्ड भरायचं होतं. रांगेत शेजारी उभ्या एका मराठी मुलीनं लिहायला घेतलं.

"आजी, किती दिवस राहणार?"

मुलानं सांगून ठेवलं होतं, देतील तितके माग. सून म्हणाली होती, मुलांची सुट्टी संपेपर्यंत राहा. शालननं तिथूनच वाईला फोन लावला.

"अहो, कार्डावर किती दिवस लिहू?"

"मला काय विचारतेस? लिही तुला हवे तितके."

ती फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून अण्णांचा आवाज आला, "दहा लिही! अकराव्या दिवशी तुझा इथला पीआर जाईल!"

शालननं त्या मुलीला सांगितलं, "नऊ लिही, बाळा."