मला कळत नाही, असं म्हणालो तेव्हा

उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटचा वास आला, की मला ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातली ती दुपार आठवते. युनीत, म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटीत, आम्ही त्या जुन्या ग्रीक तत्त्ववेत्त्याबद्दल शिकत होतो, जो अज्ञानाचं सोंग घेऊन समोरच्याला प्रश्नांत अडकवायचा. मला ते सोंग फार आवडलं होतं. धैर्य म्हणजे काय, असं सरांनी विचारलं, तेव्हा मला रोज गाडीतून घरी सोडणारी माझी नागपूरची मैत्रीण म्हणाली, "भीती वाटत असूनही टिकून राहणं. माझ्या आईसारखं." मी भोळा चेहरा करून म्हणालो, "मला नीट कळलं नाही, समजावून सांग ना." आईने घरात काय काय सोसलं, ते ती मनापासून सांगत गेली, मी एकेक प्रश्न विचारत गेलो. शेवटी विचारलं, "मग आई टिकून राहिली, की तिला जायला दुसरी जागाच नव्हती?" वर्ग हसला. परतताना तिने उन्हात तापलेली गाडी सुरू केली. मग म्हणाली, "तुला खरंच कळत नाहीये असं वाटलं रे, म्हणून मी घरातलं सांगितलं." पुढच्या आठवड्यात तिने वर्ग बदलला. आता मीही शिकवतो. उत्तर मला माहीत असेल, तर प्रश्न विचारण्याआधीच तसं सांगून टाकतो.